पुढाकार घेत नाही

आमच्या सोसायटीतल्या आंब्याला यंदा मोहोर उशिरा आला, पण घरात अप्रेझलचा मोसम अगदी वेळेवर आला. माझी मुलगी ऋतुजा बेलापूरला एका ऑफिसात नोकरी करते. यंदा पहिल्यांदाच तिच्या हाताखाली आठ माणसं आली आहेत, आणि मार्च लागल्यापासून ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्या आठ जणांना एकाखाली एक लावत बसलेली असते. भाजीची वाटी एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला. तिची आई म्हणते, "अगं, जेवताना तरी कुणाला नापास करू नकोस." ऋतुजा हसते आणि पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घालते.

मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आता मला कुणी श्रेणी देत नाही आणि मी कुणाला देत नाही. तरी हा महिना अंगातून जात नाही. होळीच्या आसपास वारा फिरतो, सकाळच्या दमट हवेत तळोज्याच्या कारखान्यांचा तो आंबूस वास नवीन पनवेलपर्यंत येऊन पोचतो. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी सुरू होतात, बायको खिडक्या लावून घेते, शेजारचे जोशी नाकाला रुमाल लावून फिरायला जातात. मी मात्र गॅलरीत नाक वर करून उभा राहतो. हा नुसता सॉल्व्हंटचा वास आहे की कुठल्या टाकीतले जंतू मेलेत, हे मला अजून ओळखता येतं. ही विद्या माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीतली नव्हे. ती मला गजानन घरतने शिकवली.

घरत पनवेलजवळच्या गव्हाण गावचा. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, अंगाने सडपातळ, कपाळावर कायम सेफ्टी हेल्मेटचा वळ. तळोज्याच्या ज्या केमिकल कारखान्यात मी बावीस वर्षं काढली, तिथे सांडपाणी शुद्ध करणारा विभाग माझ्याकडे होता. कारखान्यात त्याला सगळे ईटीपी म्हणायचे. सहा कामगार आणि सातवा मी. कंपनीच्या मोठ्या तक्त्यावर, जिथे चौकोनातून रेषा निघून दुसऱ्या चौकोनाला लागतात, तिथे आमचा चौकोन सगळ्यात खाली उजव्या कोपऱ्यात तुटक रेषेने लटकलेला असायचा. तक्ता छोट्या कागदावर छापला की आम्ही कापलेच जायचो. सगळ्या कारखान्याची घाण शेवटी आमच्याकडे यायची आणि चुकूनही कुणी साहेब तिकडे फिरकायचा नाही.

त्या विभागाचा जीव एका मोठ्या उघड्या टाकीत होता. टाकीत जंतू असतात, ते घाण खातात, म्हणून पाणी शुद्ध होतं. यंत्रं, मीटर, तपासणीचे आकडे हे सगळं होतंच. पण घरत टाकीच्या कठड्यावर हात टेकून फेसाचा रंग बघायचा, एकदा खोल श्वास घ्यायचा आणि सांगायचा, "साहेब, पोरांना आज भूक नाय." जंतूंना तो पोरं म्हणायचा. दिवाळीत कारखाना पाच दिवस बंद असला की टाकीत घाण येत नाही, म्हणजे जंतूंची उपासमार. अशा वेळी हा माणूस भाऊबीजेचं ताट तसंच ठेवून गव्हाणहून यायचा, गूळ आणि शेण कालवून टाकीत सोडायचा आणि परत जायचा. हजेरी नाही, ओव्हरटाइम नाही. मी एकदा म्हटलं, "घरत, फोन तरी करायचा, गाडी पाठवली असती." तो म्हणाला, "उपाशी पोराला जेवाया घालाया गाडी कशाला लागते?"

हे सगळं मी मुद्दाम तपशिलाने लिहितोय. पुढे मी त्याच्याबद्दल जे एक वाक्य लिहिलं, ते वाचताना हे डोळ्यासमोर असायला हवं.

आमच्या कंपनीत तेव्हा नवं वारं शिरलं होतं. पुण्याहून एक सल्लागार यायचे, अंधार करून पडद्यावर चित्रं दाखवायचे. माणूस काम का करतो, याचा एक त्रिकोण होता. तळाला अन्न-वस्त्र, मध्ये मानसन्मान, टोकाला आत्म्याचा विकास. चहाच्या सुट्टीत घरतने मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, आपला ईटीपी त्या तिकोनात कुठं हाय?" मी म्हटलं, "तळाला." तो म्हणाला, "मंग बरं. सगळं पानी तळालाच येतं." त्याच सल्लागारांनी तो घंटेच्या आकाराचा आलेखही आणला. कुठल्याही गटात थोडे उत्तम, बरेचसे मध्यम आणि काही टाकाऊ असतातच, हा निसर्गनियम आहे, असं ते म्हणाले. म्हणून प्रत्येक विभागप्रमुखाने निदान एकाला तरी ‘डी’, म्हणजे सगळ्यात खालचा शेरा, द्यायचाच. विभाग सहा जणांचा असला तरी. आणि का दिला, ते दोन वाक्यांत लिहायचं.

पहिल्या मार्चमध्ये मी आज्ञाधारकपणे एकाला डी दिला. तो पावसाळ्याच्या आत नोकरी सोडून उरणकडे निघून गेला, त्याच्या जागी नवा माणूस आला. बाकीचे पाच जण दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलत होते. विचारलं तर "हाय" किंवा "नाय". टाकीवर मी गेलो की गप्पा थांबायच्या. माणसांच्या प्रेरणेवर मी प्रशिक्षण घेतलं होतं, प्रमाणपत्र माझ्या खुर्चीमागे फ्रेममध्ये होतं, आणि माझ्या सहा माणसांत एकालाही कामावर यावंसं वाटत नव्हतं.

दुसऱ्या मार्चमध्ये घरत केबिनमध्ये आला. मागे पाचही जण दाराशी उभे.

"साहेब, कोनाला तरी डी द्यायचाच हाय ना?"

"द्यावाच लागतो रे. माझ्या हातात नाही."

"मंग आमी पाळी लावतो. गावात जत्रेच्या मांडवाची पाळी लागते तशी. ह्या साली एक घर, फुडल्या साली दुसरं. डी घेनाऱ्याला पगारवाढ कमी मिळंल, ती तो सोसंल. पन कोनी कोनाकडं वाकडं बघनार नाय."

"आणि यंदा कोण?"

"बोललो तो मी. पयला मीच."

मी नको म्हणायला हवं होतं. नियमाच्या दृष्टीने ही सरळ फसवणूक होती. पण खरं सांगतो, मला फार हलकं वाटलं. वर्षातलं सगळ्यात घाणेरडं काम कुणीतरी माझ्या हातातून काढून घेतलं होतं. मी हो म्हटलं आणि त्याच्या फॉर्ममध्ये कारणाच्या रकान्यात इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली, ज्यांचा मराठीत अर्थ होतो, ‘पुढाकार घेत नाही. बदलाला अनुकूल नाही.’ जो माणूस पाच जणांना घेऊन माझ्या दारात उभा राहिला, त्याच्याबद्दल. मला तेव्हा त्यातला विनोद कळला होता, मी मनात हसलोही होतो. फॉर्म कुणी वाचत नसे. पुढची चार वर्षं मी नाव तेवढं बदलत गेलो, वाक्यं तीच राहिली.

टाकीच्या मागे कुंपणाला लागून मारुतीचं एक छोटं देऊळ होतं. जमिनी घेतल्या, गाव हललं, देव राहिला. हनुमान जयंतीला ईटीपीचे लोक तिथे शेंदूर-तेल करायचे. त्या पहिल्या वर्षी फॉर्म गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी हनुमान जयंती आली, आणि कुणीतरी नारळ घरतच्या हातात दिला. "डी तुझा, मान तुझा." तिथून तो रिवाजच पडला. ज्याचा डी, त्याचा नारळ. मोठ्या साहेबांनी नाकारलेला माणूस त्या दिवशी देवापुढे पहिला. मी तुम्हाला सांगतो, एप्रिलच्या त्या उन्हात, त्या वासात, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून उभी असलेली ती सहा माणसं जितकी एकमेकांची होती, तितकी एकमेकांची माणसं मी नंतर कुठल्याही मोठ्या केबिनमधून पाहिली नाहीत. पाच वर्षं आमच्याकडे एकही माणूस सोडून गेला नाही, एकदाही टाकी बिघडली नाही. मुख्य कचेरीने मला ‘उत्तम नेतृत्व’ म्हणून एक पितळी ढाल दिली. ती अजून शोकेसमध्ये आहे.

एकदा नारळ फुटल्यावर नव्या माणसाने भाबडेपणाने विचारलं, "साहेब, तुमची पाळी कदी?" सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "माझा हिशेब वर होतो बाबा." विभागात सात माणसं होती आणि पाळ्या सहाच होत्या, हे त्या दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सहावी पाळी शेखभाईंची. शेखभाई पंपांवर होते. पनवेलमध्येच वाढलेले, गोड बोलणारे, आणि नारळाच्या बाबतीत फार उत्सुक. "माझा नंबर येऊ द्या, नारळ मीच फोडणार. मारुतीरायाची इजाजत घेऊन ठेवलीय," असं ते दर वर्षी म्हणायचे. पण नेमक्या त्याच वर्षी त्यांची सीनिअर ऑपरेटरची बढती आली होती, आणि डी लागला तर ती तीन वर्षं लांबणार होती. ते काही बोलले नाहीत. पाळी म्हणजे पाळी. घरतच माझ्याकडे आला. "शेखभायची ह्या साली ऱ्हाऊ द्या. माजं नाव लावा. फुडल्या साली ते घेतील."

मी नाव लावलं. वाक्यं जुनीच चिकटवली. पंधरा मार्चला फॉर्म गेला. त्या आठवड्यात घरत खुशीत होता. त्याच्या मुलीची, प्राचीची, दहावीची परीक्षा चालू होती आणि इंग्रजीचा पेपर तिला फार सोपा गेला होता. दुपारी डबा खाताना तो मला म्हणाला, "फुल इंग्लिश वाचते साहेब. मोठे मोठे कागद. मी हातात काय बी देतो, ती घडाघडा वाचून अर्थ सांगते."

मार्चच्या शेवटी मुख्य कचेरीतून ईमेल आला. फक्त विभागप्रमुखांना, गोपनीय. कंपनीची नवी रचना होणार होती, थर कमी होणार होते, आणि यंदा ज्यांना डी मिळालाय त्यांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, फॉर्ममधलं कारण घालून, निरोपाची पत्रं दिली जाणार होती. श्रेणीत काही दुरुस्ती असेल तर चार दिवसांत कळवा, असं खाली लिहिलं होतं.

ते चार दिवस मला अजून तासातासाने आठवतात. बाहेर गुलमोहराला कळ्या धरत होत्या, केबिनमधला कूलर नुसता घरघरत होता, आणि मी दार लावून दुरुस्तीचं पत्र लिहीत होतो. पत्र सोपं होतं. आमच्या श्रेण्या पाच वर्षं पाळीने दिल्या गेल्या आहेत, त्या खऱ्या नाहीत, याला मी जबाबदार आहे, गजानन घरत हा माझा सर्वोत्तम माणूस आहे. चारच ओळी. पण त्या चार ओळी गेल्या असत्या तर पाच वर्षांचे खोटे फॉर्म बाहेर आले असते. पितळी ढाल परत गेली असती ते जाऊ दे, पण माझं नाव तेव्हा सहायक महाव्यवस्थापकाच्या यादीत होतं, आणि नव्या रचनेत जे टिकणार होते त्यांत मी होतो. मी पत्र ड्राफ्टमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी उघडलं, एक शब्द बदलला, परत ठेवलं. स्वतःला सांगत राहिलो की घरतचं गव्हाणला स्वतःचं घर आहे, बाकीचे भाड्याने राहतात. सांगत राहिलो की इतक्या चांगल्या माणसाला कुठेही काम मिळेल. या सगळ्यात एक गोष्ट मी केली नाही. त्या सहा जणांना बोलावून सांगितलं नाही की बाबांनो, असं असं आलंय, काय करू या? त्यांनी काहीतरी मार्ग काढला असता. निदान शेखभाईंनी आपली पाळी परत मागितली असती. पण गोपनीय या शब्दाचा आधार भित्र्या माणसाला फार मोठा असतो. चौथा दिवस संपला. पत्र ड्राफ्टमध्येच राहिलं.

निरोपाची पत्रं वाटली त्या दिवशी मी दाढदुखीची रजा टाकली. दाढ दुखत नव्हती.

दुसऱ्या दिवशी गेलो तर शेखभाई केबिनच्या दाराशी उभे होते. आत या म्हटलं तरी आत आले नाहीत. "साहेब, ते माझं होतं," एवढंच म्हणाले. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत ते मला सलाम करत होते, रोज, न चुकता. बोलले कधी नाहीत.

त्या वर्षी हनुमान जयंती पत्रांनंतर आठवड्याभरात आली. सकाळी नऊच्या सुमाराला गेटवरून फोन. घरत आलाय, आत सोडायची परवानगी नाही, जातही नाही. मी गेलो. माझ्या मागोमाग टाकीवरचे पाचही जण आले, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. घरत गेटच्या बाहेर रस्त्यावर उभा होता. धुतलेला पांढरा शर्ट, हातात पिशवी. पहिल्यांदाच मी त्याला हेल्मेटशिवाय कामाच्या जागी पाहिलं.

"साहेब, भांडाया नाय आलो," तो म्हणाला. "ह्या साली डी माजा हाय. नारळ माजा हाय. तेवढा फोडतो नि जातो."

सिक्युरिटीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी आत सोड म्हणू शकलो असतो. माझ्या सहीने टँकर आत यायचे. मी म्हटलं, "इथेच फोड ना." त्याने पिशवी खाली ठेवली. देवळाच्या दिशेने, कुंपणापलीकडे, हात जोडले. मग गेटच्या दगडी कठड्यावर एका घावात नारळ फोडला. पाणी डांबरावर सांडलं आणि बघता बघता वाळलं. त्याने एक वाटी आतल्या पाच जणांकडे दिली आणि दुसरी अख्खी माझ्या हातात ठेवली.

"साहेब, एक इचारू?"

"विचार."

"कागद इंग्लिशमधी व्हता. प्राचीला वाचाया दिला. तिनं वाचला नि गप झाली. मी म्हनलं अर्थ सांग, तर सांगंना. मंग लय येळानं बोलली, बाबा, यात लिवलंय तुमी पुढाकार घेत नाय." त्याने रिकामी पिशवी दुमडली. "नोकरी गेली ती गेली, साहेब. पाळी माजी व्हती, मी घेतली. पन तेवढं येक खोटं हाय, असं माज्या पोरीला तुमच्या तोंडानं सांगाल? मी सांगून काय उपेग नाय. बाप सांगनारच."

"सांगतो ना," मी म्हटलं. "एखाद्या रविवारी येतो घरी."

"कदी बी या. आमी हाय."

ती खोबऱ्याची वाटी मी घरी नेली. बायकोने ती खवून संध्याकाळच्या वालाच्या बिरड्यात घातली. बिरडं छान झालं होतं. मी दोनदा घेतलं.

मे महिन्यात कारखाना दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद राहिला आणि टाकीतले जंतू मेले. नवा ऑपरेटर हुशार होता, डिप्लोमावाला, आकडे बरोबर लिहायचा. सुट्टीत गूळ घालायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या पाच जणांनी सांगायचं नाही असं ठरवलं असावं. दोन महिने असा वास सुटला की समोरच्या नव्या इमारतींतले लोक गेटवर आले. पुढच्या मार्चमध्ये डी कुणाला द्यायचा हे मी एकट्याने ठरवलं. हनुमान जयंतीला कुणी जमलं नाही. मी सहायक महाव्यवस्थापक झालो, तक्त्यावर माझा चौकोन वर सरकला.

निवृत्तीनंतर इथल्याच एका कॉलेजात मी व्यवस्थापनाच्या मुलांना व्याख्यानं देऊ लागलो. नेतृत्व, प्रेरणा, संघटनेची रचना. पाळीची आणि नारळाची गोष्ट मी हमखास सांगायचो, पाचव्या वर्षापर्यंत. तिथे थांबलं की टाळ्या पडतात. घरीही ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तिथपर्यंतच. एकदा एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, मग ती पद्धत बंद का झाली?" मी म्हणालो, "काळ बदलला." तो वहीत लिहून घेत होता.

आणि त्या सगळ्या रविवारांचं काय झालं? पहिला रविवार मी ठरवला होता, तेव्हा पाहुणे आले. मग पावसाळा लागला. मग वर्ष उलटलं आणि इतक्या उशिरा कुठल्या तोंडाने जायचं, असं झालं. नऊ वर्षं अशी गेली. पनवेल ते गव्हाण अंतर ते किती. हल्ली तर तिकडे रुंद रस्ते झाले, विमानतळ झाला, समुद्रावरून मुंबईला जाणारा पूल झाला. त्या पुलाकडे जाताना गव्हाणचा फाटा दिसतो. दर वेळी त्या सुमाराला मला गाडीत झोप लागते, असं ऋतुजा चेष्टेने म्हणते.

परवा रात्रीच्या जेवणाला ऋतुजाने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "बाबा, तुला या भाषेची सवय आहे. एकाला खाली टाकायचंय. चांगला आहे तसा, पण बोलत नाही, वाद घालत नाही. दुसऱ्या कुणाला टाकलं तर तमाशा होईल. कारण काय लिहू?"

मी वरणभात कालवत होतो. मान वर न करता माझ्या तोंडून निघालं, "पुढाकार घेत नाही. बदलाला अनुकूल नाही."

"परफेक्ट," ती म्हणाली, आणि तिची बोटं चालू लागली. माझा हात ताटात तसाच राहिला. ती वाक्यं मला अजून तोंडपाठ होती. घरतचा आवाज आठवायला मला प्रयत्न करावा लागत होता.

काल दुपारी मी कुणाला न सांगता बस धरली. फाट्यावर उतरलो. टपरीवाल्याला गजानन घरतचं घर विचारलं, त्याने बोट दाखवलं. जुन्या घरावर नवा मजला चढला होता, अंगणात जाळी वाळत घातली होती. दार पंचविशीच्या एका मुलीने उघडलं. गळ्यात कुठल्याशा ऑफिसचं ओळखपत्र, डोळ्यांत बापाचीच सरळ नजर. मी नाव सांगितलं. तिने लगेच ओळखलं. आत बोलावलं, पाणी दिलं, पंखा लावला.

"बाबा ड्युटीवर आहेत. उरणच्या बाजूला कंटेनर यार्डात वॉचमन आहेत. आठला येतील."

नऊ वर्षं घोळवलेलं वाक्य मी एका दमात बोलून टाकलं. "प्राची, तुझ्या बाबांच्या त्या पत्रात जे लिहिलं होतं, ते खोटं होतं. मीच लिहिलं होतं. माझ्या अख्ख्या नोकरीत त्यांच्याइतका पुढाकार घेणारा माणूस मी पाहिला नाही."

ती रागावेल, रडेल, निदान काही विचारेल, असं मला वाटलं होतं. तिने शांतपणे माझ्या हातातला रिकामा पेला घेतला.

"काका, ते वाक्य खोटं आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. सणाच्या दिवशी गूळ घेऊन कामावर जाणारा बाप बघितलाय मी," ती म्हणाली. "तुम्ही येणार हे खोटं आहे, एवढं फक्त बाबांना माहीत नव्हतं. दोन वर्षं दर रविवारी ते दुपारी झोपायचे नाहीत. आईला म्हणायचे, साहेब आले तर?"

"मी थांबू का आठपर्यंत?"

"नको," ती म्हणाली. "आता झोपतात ते."

फाट्यावर बसची वाट बघत पाऊण तास उभा होतो. ऊन उतरत होतं, डंपर जात होते, धूळ खाली बसत नव्हती. गव्हाणला जाऊन आलो, तर काहीतरी फिटेल असं मी धरून चाललो होतो. त्यातलं काही झालं नाही.

घरी आलो तेव्हा ऋतुजा सोफ्यावर पाय पसरून चहा पीत होती. लॅपटॉप मिटलेला होता.

"ते वाक्य," मी चप्पल काढता काढता विचारलं, "पाठवलंस?"

"काल रात्रीच. तू सांगितलंस तसंच्या तसं ठेवलं. का रे?"

"त्या माणसाला मुलं आहेत?"

ती थोडा वेळ आठवत राहिली. तिला माहीत नव्हतं.